खिशातले गाणे

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी उटणे लागण्याआधी गाणे लागते. हा पायंडा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाडला. पूर्वी हे काम रेडिओ करीत असे, पुढे कॅसेट आली, त्यानंतर तबकडी आली. गाणे मात्र चुकले नाही. गेल्या दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला होता. त्याने अदल्या रात्रीच जाहीर केले, "काका, उद्याचं गाणं माझ्याकडे. दहा कोटी गाणी आहेत माझ्या फोनमध्ये. आजोबांनी नुसतं नाव सांगावं."

रात्री वळवासारखा पाऊस झाला. वीज राहिली, पण डोंगरावरचा मोबाईलचा मनोरा आंधळा झाला. पहाटे पाच वाजता पुतण्या अंगणात उभा राहून फोन आकाशाकडे धरीत होता आणि आम्ही तेल लावून कुडकुडत होतो. "पण मी काही गाणी उतरवूनही ठेवली आहेत," असे म्हणून त्याने ती उघडली, तर फोन म्हणाला, आधी इंटरनेटला जोडा, तुमची वर्गणी चालू आहे की नाही ते पाहू, मग गाणे. दहा कोटी गाण्यांचा धनी तोंडात मारल्यासारखा गप्प झाला.

अण्णा काही बोलले नाहीत. पंचा सावरीत ते कपाटाशी गेले, पत्र्याचा डबा काढला, त्यातून एक सीडी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि जुन्या प्लेअरमध्ये सरकवली. ती त्यांनी २००४ साली एसटी स्थानकाबाहेरच्या गाड्यावरून चाळीस रुपयांना घेतली होती. एकाच तबकडीत दीडशे गाणी. तिसऱ्या गाण्याला ती एका शब्दावर अडखळली, पुन्हा अडखळली आणि पुढे गेली. आम्हांला ते अडखळणे इतके पाठ आहे, की ते आले नसते तर चुकल्यासारखे वाटले असते.

"माझं गाणं वाजवायला मी कुणाची परवानगी का घ्यावी?" न्हाऊन आल्यावर अण्णा एवढेच म्हणाले.

वाक्य साधे होते, पण माझ्या मनातून ते गेले नाही. सीडी गेली, एमपीथ्री गेले, आता सगळे स्ट्रीमिंगवर आले, असे आपण गेली दहा वर्षे एकमेकांना सांगत आहोत. मग ही गेलेली मंडळी नेमक्या अडचणीच्या वेळी पाटावर येऊन कशी बसतात? यांचे आयुष्य इतके चिवट का? शाळामास्तराला प्रश्न पडला, की तो पुस्तके धुंडाळू लागतो. मीही धुंडाळली, आणि जे हाती लागले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

सीडीची जन्मकथा दोन घराण्यांची आहे. एक हॉलंडमधील फिलिप्स, दुसरे जपानमधील सोनी. १९७९ सालच्या मार्चमध्ये फिलिप्सने आपली लहानशी तबकडी आइंटहोवन येथे जगाला दाखविली. परंतु एकट्याने दुकान मांडण्याचे दिवस नव्हते. ज्याचे त्याचे माप वेगळे झाले तर कोणाचेच चालत नाही, हे धंद्याने शिकविले होते. म्हणून प्रतिस्पर्धी असलेली ही दोन्ही घराणी एका टेबलाशी बसली आणि १९८० साली त्यांनी एक पोथी सिद्ध केली. तिच्या लाल वेष्टनामुळे तिला ‘रेड बुक’ म्हणतात. तबकडी १२० मिलिमीटरची, जाडी १.२ मिलिमीटर, दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापे, प्रत्येक माप सोळा अंकी. असे सारे काही त्या पोथीत ठरले.

हा ४४,१०० आकडा मुलांना गणितात घालावा असा आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. तो आवाज आकड्यांत नीट पकडायचा, तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घ्यावे लागते, असा शास्त्राचा नियम आहे. म्हणजे चाळीस हजारांच्या वर काहीतरी हवे होते. पण मग नेमके ४४,१०० का? तर त्या काळी एवढे आकडे साठवू शकेल असे यंत्र एकच होते, चित्रफितीचे. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत सेकंदाला साठ पट, प्रत्येकात २४५ रेषा, प्रत्येक रेषेत तीन मापे, गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतीत पन्नास पट, २९४ रेषा, तीन मापे. गुणाकार पुन्हा ४४,१००. दोन्हीकडे जमले म्हणून तो आकडा ठरला! चित्रफितीचे ते यंत्र कधीच काळाच्या पडद्याआड गेले. पण आज पुतण्याच्या फोनमध्ये वाहत येणारी बहुतेक गाणी अजूनही त्याच ४४,१०० च्या मापाने मोजलेली असतात. घर पाडले तरी जोत्याचे दगड नव्या घरात बसवावेत, तसा हा प्रकार आहे.

१७ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या लांगनहागन येथील कारखान्यात विक्रीच्या तबकड्या निघू लागल्या. पहिली तबकडी स्वीडनच्या ‘आबा’ या गायकवृंदाची होती. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला जपानात सोनीचे पहिले वाजवण्याचे यंत्र विक्रीला आले. त्याची किंमत १,६८,००० येन. अर्थात हौस श्रीमंतांची.

त्या चकचकीत तबकडीच्या पोटात काय असते, ते एकदा वर्गात मी मुलांना सांगितले होते. आत सूक्ष्म खळग्यांची एक वाट असते. ती मध्यापासून निघून वळसे घेत कडेला जाते. सरळ केली तर भरेल सुमारे पाच किलोमीटर, म्हणजे आमच्या गावापासून शेजारच्या बाजारापर्यंत! दोन वळशांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दीडपट. त्या वाटेवरून प्रकाशाचा एक किरण चालतो आणि खळगा आला की सपाटी, हे वाचत जातो. तबकडीला काही टेकत नाही, म्हणून झीजही होत नाही.

पण खरी करामत वेगळीच आहे. गाण्याचे आकडे ओळीने लिहिलेले नसतात. ते विस्कटून दूरदूर पेरलेले असतात आणि त्यांच्यासोबत ताळा पाहण्यासाठी जादा आकडे दिलेले असतात. त्यामुळे एक ओरखडा पडला, तर एका ठिकाणचे सारे गाणे जात नाही. अनेक ठिकाणचे थोडे थोडे जाते आणि ते यंत्र हिशेबाने भरून काढते. भजनाच्या दिंडीत एखादा टाळकरी चरण विसरला, तर बाकीचे तो उचलून धरतात आणि रस्त्यावरच्या माणसाला कळतही नाही, तसेच हे. अण्णांच्या तबकडीला इतके ओरखडे असूनही ती एकाच ठिकाणी का अडखळते, याचे कोडे मला तेव्हा उलगडले. बाकीच्या ओरखड्यांवर टाळकऱ्यांनी मात केली होती.

आता दुसऱ्या चिवट मंडळींकडे वळू. अण्णांच्या तबकडीत दीडशे गाणी मावली, ती एमपीथ्रीमुळे. नेहमीच्या सीडीत जेमतेम चौदा-पंधरा मावतात.

याचे मूळ जर्मनीतील एर्लांगेन या विद्यापीठाच्या गावी आहे. तेथील प्राध्यापक डिटर झाइट्सर यांना टेलिफोनच्या तारेतून संगीत पाठवण्याचे वेड होते. त्यांनी एकस्वासाठी, म्हणजे पेटंटसाठी, अर्ज केला. तपासनिसाने तो हे अशक्य आहे म्हणून परत केला. झाइट्सर यांनी कार्लहाइन्ट्स ब्रँडेनबर्ग या विद्यार्थ्याला कामाला लावले. गुरूचे अशक्य शिष्याने शक्य करून दाखवायचे, ही कथा आपल्याला परकी नाही.

युक्ती कानाच्या दुबळेपणात होती. ढोलताशा घुमत असताना शेजारचा माणूस कानाशी बोलला तरी ऐकू येत नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. मग जे ऐकूच येणार नाही, ते साठवायचे कशाला? ते गाळून टाकावे! अशा गाळणीने गाणे अकराव्या हिश्श्याइतके लहान होऊ लागले. पण गाळणी फार बारीक झाली की रस जातो. सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे वाद्यांच्या साथीशिवाय गायलेले ‘टॉम्स डायनर’ हे गाणे ब्रँडेनबर्ग यांनी गाळणीत घातले, तेव्हा त्या बाईंचा आवाज ओळखू येईना. ढोलाचा गोंगाट लपवता येतो, एकट्या माणसाचा स्वच्छ गळा लपवता येत नाही. तो गळा नीट वाजेपर्यंत ते गाणे त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकले आणि पद्धत सुधारली. १४ जुलै १९९५ रोजी तेथील संशोधकांनी आपल्या फाइलींना ‘एमपीथ्री’ हे शेपूट लावायचे ठरविले.

पुढचा भाग मात्र बोधकथेत बसणारा नाही. गाणे लहान करण्याचे साधन विकून पैसा करावा, असा संस्थेचा बेत होता. ब्रँडेनबर्ग यांनीच पुढे सांगितले आहे, की ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने चोरीच्या क्रेडिट कार्डावर ते साधन विकत घेतले आणि जगाला फुकट वाटून टाकले. १९९९ साली ‘नॅपस्टर’ आले आणि लोक एकमेकांची गाणी घरबसल्या उचलू लागले. २००१ साली न्यायालयाच्या आज्ञेमुळे ते बंद पडले. पण तोवर पाखरू पिंजऱ्याबाहेर गेले होते. २००१ च्या ऑक्टोबरात ‘आयपॉड’ निघाला. खिशात हजार गाणी, असे त्याचे ब्रीद होते.

यात नुकसान कोणाचे झाले, हे विसरता येणार नाही. अण्णांची चाळीस रुपयांची तबकडीही चोरीचीच असणार; त्यातला एक पैसा गायकाला वा वादकाला पोचला नसेल. "विकत घेतली" असे अण्णा अभिमानाने म्हणतात, तेव्हा माझ्यातला मास्तर अस्वस्थ होतो. स्ट्रीमिंगने ही चोरी पुष्कळ कमी केली. शिवाय लहानपणी एकदाच ऐकलेले एक नाट्यपद मला तीस वर्षांनी सापडले, ते स्ट्रीमिंगवरच. नदीचे उपकार नाकारून विहिरीचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

तरीही विहीर का टिकली? याचे उत्तर मला जगलेल्यांच्या चरित्रात मिळाले नाही. ते मेलेल्यांच्या चरित्रात मिळाले.

चोरी रोखण्यासाठी कंपन्यांनी गाण्यांना कुलपे लावली. २००४ साली मायक्रोसॉफ्टने अशा कुलूपबंद गाण्यांसाठी एक शिक्का काढला. त्याच्या नावाचा अर्थच होता ‘नक्की वाजेल’. दोन वर्षांनी त्याच कंपनीने स्वतःचे ‘झून’ हे यंत्र काढले आणि ‘नक्की वाजणारी’ गाणी त्यावर वाजेनात! २००८ साली त्याच कंपनीच्या आणि याहूच्या गाण्यांच्या दुकानांनी जाहीर केले, की आता आम्ही किल्ल्या देणारी व्यवस्था बंद करीत आहोत. ज्यांनी पैसे मोजून, पावती घेऊन गाणी विकत घेतली होती, त्यांची गाणी नव्या संगणकावर मुकी होणार होती. ओरड झाली, मुदती वाढल्या, भरपाया मिळाल्या. पण प्रामाणिक गिऱ्हाइकाने धडा घेतला. २००५ साली सोनी-बीएमजीने आपल्या काही तबकड्यांत गिऱ्हाइकाच्या संगणकात लपून बसणारे साधन घातले. ते उघडकीला आल्यावर तबकड्या परत मागवाव्या लागल्या. शेवटी २००९ साली ॲपलनेही आपल्या दुकानातील गाण्यांची कुलपे काढली.

१९८० च्या त्या लाल पोथीत कुलपाचे नाव नव्हते. त्यामुळे १९८२ सालची तबकडी आज नव्या प्लेअरमध्ये घातली, तर ती विचारपूस न करता वाजते. एमपीथ्रीलाही कुलूप नव्हते. या दोघांची पुढे वारंवार मरणवार्ता आली. त्यातली एक मोठी गमतीची आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये एर्लांगेनच्या संस्थेने एमपीथ्रीचे परवाने देणे थांबविले आणि वृत्तपत्रांनी ‘एमपीथ्री मेले’ असे मथळे दिले. वास्तविक घडले होते एवढेच, की एकस्वांची मुदत संपली होती. यापुढे एमपीथ्री वापरण्यासाठी कोणालाही पैसे देण्याचे कारण उरले नव्हते. ज्याला मरण म्हटले, ती सुटका होती. रस्ता टोलमुक्त झाला, तर रस्ता मेला असे आपण म्हणतो का?

सीडीचीही कहाणी अशीच. अमेरिकेत २००० साली सुमारे ९४ कोटी तबकड्या दुकानांकडे गेल्या. २०२० साली त्या सव्वातीन कोटींच्याही खाली आल्या. लोकांनी तिरडी बांधायला घेतली, तोच २०२१ साली आकडा साडेचार कोटींच्या वर गेला. सतरा वर्षांत प्रथमच ती चढली होती. जपानात तर तिने घर सोडलेच नाही. ‘टॉवर रेकॉर्ड्स’ हे अमेरिकेतील नामांकित दुकान २००६ साली दिवाळे वाजून तिकडे बंद झाले. पण जपानातील त्याची शाखा आधीच स्वतंत्र झाली होती आणि टोकियोच्या शिबुया भागातील तिची कित्येक मजली इमारत आजही गजबजलेली असते. दक्षिण कोरियात २०२३ साली दहा कोटींहून अधिक अल्बम विकले गेले. विकत घेणारी बहुतेक तरुण मुले; त्यांतल्या पुष्कळांच्या घरी सीडी वाजवण्याचे यंत्रही नसेल. त्यांना हातात धरायला काहीतरी हवे असते.

आपल्याकडे एमपीथ्री विद्वानांना न विचारता नांदत आहे. कार्तिकात उसाच्या फडाकडे निघालेले ट्रॅक्टर पाहा. ड्रायव्हरच्या डोक्याशी लाल दिवा मिचकावणारा पेनड्राइव्ह असतो. बाजारच्या गावी मोबाईलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचे, ते दिवस फार जुने नाहीत. देवळातली काकडआरती, शाळेतली प्रार्थना, स्नेहसंमेलनातला नाच, सारे पेनड्राइव्हवर चालते. ऐन वेळी मंचावर गाणे थांबून जाहिरात लागलेली मी एकदा पाहिली आहे. तेव्हापासून आमचे मुख्याध्यापक पेनड्राइव्ह खिशात घेऊनच येतात. आणि ‘एचएमव्ही’चा वारसा सांगणाऱ्या सारेगामाने २०१७ साली ‘कारवाँ’ काढला, तो तरी काय होता? पाच हजार गाणी पोटात भरून ठेवलेली, रेडिओसारखी दिसणारी पेटी. इंटरनेट नको, वर्गणी नको. मुलांनी ती आईवडिलांना भेट दिली.

मला आता सगळ्याचे सूत्र दिसू लागले होते. गाणे टिकते ते त्याच्या गोडव्यावर. गाण्याचे भांडे मात्र टिकते ते त्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही म्हणून. स्ट्रीमिंगमध्ये गाणे आपले नसते. आपण भाड्याने राहतो. भाडेकरूचे घर कितीही ऐसपैस असो, ते मुलांना देऊन जाता येत नाही. अण्णांचा पत्र्याचा डबा उद्या माझा होईल. मी आठ वर्षे निगुतीने जमवलेली गाण्यांची यादी मात्र ती सेवा एके दिवशी बंद झाली तेव्हा नाहीशी झाली. कोणी चोरली नाही, कोणी मोडली नाही. नुसती नाहीशी झाली.

येथे मला स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. २००५ साली धाकट्या बहिणीच्या लग्नात, हळदीच्या दिवशी, आई जात्यावर बसून ओव्या म्हणाली होती. जावईबापूंच्या एका मित्राने त्या मुद्रित केल्या आणि सीडी करून दिली. आई २०११ साली गेली. पुढे मी आधुनिक झालो. घरात पसारा नको म्हणून सीडींचे एक पोते भंगारवाल्याला दिले, किलोच्या भावाने. ती सीडी त्यात होती, हे मला कित्येक महिन्यांनी उमगले. ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती. अण्णा आपला डबा कोणाला हात लावू देत नाहीत, त्याचे कारण त्यांना कळले होते की काय, ही शंका मला अजूनही आहे.

त्याच दिवाळीत भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलो. ओवाळून झाल्यावर नरकचतुर्दशीच्या पहाटेची फजिती सांगता सांगता माझ्या तोंडून ते निघून गेले. ती हसली. म्हणाली, "दादा, ती सीडी केव्हाच वाजेनाशी झाली असती. घरी केलेल्या सीडीचा रंग उडतो म्हणे. मी तेव्हाच तिचं एमपीथ्री करून घेतलं होतं." तिने टीव्हीच्या मागे हात घातला आणि एक झिजलेला पेनड्राइव्ह काढला. तो आता मावशीकडे आहे, आत्याकडे आहे, तिच्या नणंदेकडेही आहे. कोणी कोणाला विचारले नव्हते. प्रत पुढे प्रत होत गेली होती.

तिने तो लावला. जात्याची घरघर आली आणि मग आईचा आवाज आला. साथीला वाद्य नव्हते, एकटा गळा. एर्लांगेनच्या त्या माणसाने एका बाईचा एकटा गळा नीट उमटावा म्हणून तेच गाणे पुनःपुन्हा ऐकले होते, हे मला त्या क्षणी आठवले आणि त्याला मनोमन नमस्कार करावासा वाटला.

निघताना बहिणीने करंज्यांच्या डब्याबरोबर एक प्रत माझ्या हातावर ठेवली. ती मी खिशात घातली. एसटीत नेटवर्क नव्हते. त्याची मला मुळीच फिकीर वाटली नाही.